झोत वळवणाऱ्या मायक्रोवेव्ह अँटेनासाठी मेम्स फेज शिफ्टर कसा रचावा

अँटेनांच्या अ‍ॅरेतल्या, म्हणजे रांगेतल्या, प्रत्येक घटकाला वेगळी फेज दिली की एकत्रित झोत वळतो; ती फेज देतो तो फेज शिफ्टर, आणि मेम्स म्हणजे विजेने हलणारी मायक्रोमीटर मापाची यांत्रिक रचना. मेम्स फेज शिफ्टरचे काम हाती घेणारा बहुतेक अभियंता आधी विद्युतचुंबकीय सिम्युलेशन उघडतो, लाइन आणि पूल काढतो, हवी तेवढी फेज मिळेपर्यंत मापे मागेपुढे करतो आणि यांत्रिक बाजू पुढे कधीतरी पाहू म्हणून ठेवून देतो. हा क्रम उलटा हवा. या फेज शिफ्टरमध्ये फेज बदलते ती एक मायक्रोमीटर जाडीचा धातूचा पूल तीन मायक्रोमीटर खाली-वर होतो म्हणून. तेव्हा पुलातला ताण आणि पुलाखालची फट ज्याच्या ताब्यात, त्याच्याच ताब्यात फेज. पुढची मांडणी त्याच दृष्टीने केली आहे. उदाहरण म्हणून ३० गिगाहर्ट्झवर चालणारा, आठ स्तंभांचा, एकाच प्रतलात झोत वळवणारा अ‍ॅरे घेतला आहे. ट्रान्समिशन लाइनचा इम्पीडन्स आणि एस-पॅरामीटर म्हणजे काय, हे वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

आधी अ‍ॅरेची गरज कागदावर मांडा

३० गिगाहर्ट्झला तरंगलांबी १० मिलिमीटर असते. दोन शेजारच्या घटकांमधले अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणजे ५ मिलिमीटर ठेवले, तर झोत कितीही वळवला तरी नको तिथे दुसरा मोठा झोत उभा राहत नाही. अंतर थोडे वाढवायचे असेल तर तरंगलांबीला एक अधिक कमाल कोनाच्या साइनने भागावे आणि येणाऱ्या उत्तराच्या आत राहावे; ४५ अंशांपर्यंतच वळवायचे असल्यास ५.८ मिलिमीटरपर्यंत जाता येते. ३६० अंशांना अंतर आणि तरंगलांबीच्या गुणोत्तराने व झोताच्या कोनाच्या साइनने गुणले की शेजारच्या घटकांमधला फेजचा फरक मिळतो.

झोत २० अंशांवर न्यायचा आहे असे समजा. फरक येतो ६१.६ अंश. मग आठ स्तंभांना लागणाऱ्या फेज अनुक्रमे ०, ६१.६, १२३.१, १८४.७, २४६.३, ३०७.८, ९.४ आणि ७०.९ अंश होतात. शेवटच्या दोन आकड्यांतून ३६० वजा केले आहेत. फेज शिफ्टर तीन बिटांचा, म्हणजे आठ अवस्थांचा, असेल तर त्याची पायरी ४५ अंशांची, म्हणून प्रत्यक्षात ०, ४५, १३५, १८०, २२५, ३१५, ० आणि ९० एवढेच देता येते. पाचव्या स्तंभात २१ अंशांची चूक दिसते आणि नवख्या माणसाला ती फार मोठी वाटते. परंतु अशा चुका सगळ्या स्तंभांत विखुरल्या गेल्या की त्यांचे वर्गमध्यमूळ पायरी भागिले वर्गमूळ बारा, म्हणजे सुमारे १३ अंश भरते आणि मुख्य झोताची त्यामुळे होणारी हानी ०.२३ डेसिबलच्या आसपास राहते. चौथा बिट घातला तर हीच हानी ०.०६ डेसिबलवर येते; मात्र लाइनची लांबी, पुलांची संख्या आणि बायसच्या (पूल ओढणारे व्होल्टेज पोचवणाऱ्या) तारा वाढतात, आणि लाइनमधली भर पडलेली हानी त्या वाचलेल्या ०.१७ डेसिबलला बहुधा गिळून टाकते.

तीन बिटांवर समाधान मानण्यात खरा तोटा आहे तो बाजूच्या झोतांचा. पायरीची चूक स्तंभागणिक ठरावीक क्रमाने पुन्हा येत राहिली तर तिच्यातून एक उपझोत उभा राहतो, आणि ढोबळमानाने तो बिटामागे ६ डेसिबल या हिशेबाने दबतो. तीन बिटांना १८, चारांना २४. यावर स्वस्त उपाय असा की फीडमध्येच (स्तंभांना संकेत वाटणाऱ्या जाळ्यातच) प्रत्येक स्तंभाला वेगवेगळी, ठाऊक असलेली, अनियमित फेज द्यावी आणि फेज शिफ्टरची आज्ञा काढताना ती वजा करावी. त्यामुळे चुकांचा क्रम मोडतो आणि उपझोताची शक्ती इतरत्र पसरते. माझ्या मते आठ-सोळा स्तंभांच्या अ‍ॅरेला तीन बिट आणि हा उपाय पुरेसा आहे.

रचनेचा प्रकार निवडा

मेम्स स्विच वापरून फेज बदलण्याच्या तीन रीती रूढ आहेत. पहिलीत लहान आणि लांब अशा दोन लाइनींमध्ये संकेत वळवला जातो, दुसरीत हायब्रिड कपलरच्या दोन दारांवर परावर्तनाची जागा बदलली जाते, आणि तिसरीत एकाच लाइनवर ठरावीक अंतराने पूल ठेवून ते खाली ओढले की लाइनचा कपॅसिटन्स वाढवला जातो. दहा गिगाहर्ट्झच्या खाली पहिली रीत सोयीची ठरते, कारण तिसरीला तिथे फार लांबी लागते. ३० गिगाहर्ट्झला मी तिसरीच निवडेन. या भारित लाइनची पद्धतशीर मांडणी मिशिगन विद्यापीठातल्या स्कॉट बार्कर आणि गॅब्रिएल रेबीझ यांनी १९९८ साली केली. तिचा मोठा गुण असा की एखादा पूल बिघडला तर पूर्ण बिट जात नाही, फक्त त्या पुलाच्या वाट्याची फेज जाते. पुढे पुलांची संख्या मोजल्यावर या गुणाचे मोल कळेल.

इथेच एक प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा: झोत किती वेगाने उडी मारणार आहे? मेम्स पुलाला बदलायला काही मायक्रोसेकंद लागतात, तर पिन डायोड किंवा ट्रान्झिस्टर नॅनोसेकंदांत बदलतो. एका नाडीतून दुसऱ्या नाडीत झोत फिरवणाऱ्या वेगवान रडारला मेम्स देऊ नये. उपग्रह टर्मिनल, वाहनावरचा संपर्क अँटेना किंवा संथपणे चाळणारा संवेदक यांना तो फार शोभतो, कारण पूल खाली धरून ठेवायला जवळजवळ शून्य शक्ती लागते.

लाइनचे गणित

फ्यूज्ड क्वार्ट्झचे सब्सट्रेट, म्हणजे ज्यावर सगळे घडवायचे तो आधार, घ्या. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.७८. कोप्लॅनर लाइनची (पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंची जमीन, म्हणजे ग्राउंड, एकाच पृष्ठभागावर असलेल्या लाइनची) मधली पट्टी १०० मायक्रोमीटर आणि दोन्ही बाजूंच्या फटी १००-१०० मायक्रोमीटर ठेवल्या, की पूल नसताना तिचा इम्पीडन्स सुमारे ९५ ओहम येतो. हा मुद्दाम चढा ठेवलेला असतो, कारण पूल बसवल्यावर तो खाली येणार आहे. पूल वर असताना ६० ओहम आणि खाली असताना ४२ ओहम असे लक्ष्य ठरवा. या दोहोंचा गुणाकार २५०० च्या जवळ राहतो, म्हणजेच ५० ओहमच्या दोन्ही बाजूंना चूक सारखी वाटली जाते आणि कोणत्याही अवस्थेत परावर्तन वाईटात वाईट उणे १५ डेसिबलपर्यंत जाते. जास्त फेजच्या लोभाने ७० आणि ३५ असे आकडे घेतले तर लाइन आखूड होते खरी, पण परावर्तन उणे १० डेसिबलच्याही वर चढते आणि बिटांच्या फेज एकमेकांत मिसळू लागतात. अ‍ॅरेमध्ये ते निस्तरणे कठीण.

दर मीटरला मिळणारी फेज काढण्यासाठी कोनीय वारंवारता, पुलाविना इम्पीडन्स आणि परिणामी डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे वर्गमूळ यांचा गुणाकार करावा, प्रकाशवेगाने भागावे, आणि खालच्या व वरच्या इम्पीडन्सच्या व्यस्तांच्या फरकाने गुणावे. आपल्या आकड्यांनी दर मिलिमीटरला सुमारे ३७.८ अंश येतात. पूल ४०० मायक्रोमीटर अंतरावर ठेवले तर एका पुलाच्या वाट्याला १५ अंश. म्हणजे ४५ च्या बिटाला ३, ९० ला ६ आणि १८० ला १२ पूल. एकूण २१ पूल आणि ८.४ मिलिमीटर लांबी. दोन स्तंभांमधली जागा ५ मिलिमीटरच आहे, तरी झोत एकाच प्रतलात वळवायचा असल्याने लाइन स्तंभाच्या लांबीच्या दिशेने पसरवता येते आणि अडचण येत नाही. दोन्ही प्रतलांत वळवायचे असेल तर मात्र प्रत्येक घटकाला ५ गुणिले ५ मिलिमीटरचीच जागा मिळते. तिथे लाइन दुमडावी लागते किंवा अँटेनाच्या मागे दुसऱ्या थरात न्यावी लागते.

ठरावीक अंतराने भार लादलेल्या लाइनला एक वरची मर्यादा असते. त्या ब्रॅग वारंवारतेपलीकडे लाइन संकेत पुढे जाऊच देत नाही. आपल्या मापांना ती पूल खाली असताना सुमारे ६८ गिगाहर्ट्झ येते, म्हणजे कामाच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक. याहून खाली आली तर पूल जवळ घ्यावेत आणि प्रत्येकाचा कपॅसिटन्स त्याच प्रमाणात कमी करावा.

याच गणितातून एका पुलाचा एकूण कपॅसिटन्स मिळतो: वर असताना सुमारे ३३ फेम्टोफॅरड आणि खाली असताना सुमारे ८९. गुणोत्तर जेमतेम २.७. उघडा पूल ०.२ मायक्रोमीटर सिलिकॉन नायट्राइडवर बसला तर गुणोत्तर शंभराच्या घरात जाऊ शकते, म्हणून पुलाच्या जमिनीकडच्या दोन्ही टोकांशी ४६-४६ फेम्टोफॅरडचे स्थिर कपॅसिटर मालिकेत घालावेत. हे कपॅसिटर म्हणजे निव्वळ तडजोड वाटतात, पण रचनेतला सगळ्यात शहाणा भाग तोच. पूल नायट्राइडवर टेकल्यावर पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्याचा कपॅसिटन्स ४ पिकोफॅरडऐवजी २ च भरला, तरी मालिकेतला एकूण कपॅसिटन्स फक्त दोन टक्क्यांनी बदलतो. खालची अवस्था अशा रीतीने लिथोग्राफीच्या अचूकतेवर जाऊन बसते, संपर्काच्या नशिबावर राहत नाही. राहते ती वरची अवस्था, आणि ती पूर्णपणे फटीवर अवलंबून असते. स्थिर कपॅसिटर धरून उलट हिशेब केला तर पुलाचा स्वतःचा वरचा कपॅसिटन्स सुमारे ५० फेम्टोफॅरड हवा. कडांच्या क्षेत्राची ३० टक्के भर धरल्यास ३ मायक्रोमीटर फटीवर पूल १३० मायक्रोमीटर रुंद येतो.

पूल: इथे सर्वाधिक वेळ द्या

आता ३०० मायक्रोमीटर लांब, १३० रुंद, १ मायक्रोमीटर जाड सोन्याचा, दोन्ही टोके जखडलेला पूल घ्या. खालची पट्टी १०० मायक्रोमीटर रुंद आहे, म्हणजे विद्युतबल पुलाच्या मधल्या एक-तृतीयांश भागावर पडते. सोन्याचा यंग गुणांक ८० गिगापास्कल धरला तर निव्वळ वाकण्याच्या विरोधातून येणारा स्प्रिंग स्थिरांक सुमारे ७ न्यूटन प्रति मीटर भरतो. पुलात थर चढवताना राहिलेला ताण फक्त २० मेगापास्कल असला, तरी त्यातून आणखी २३ न्यूटन प्रति मीटर मिळतात. पुलाचा ताठरपणा भूमितीतून आला असे आपण समजतो, पण त्याचा तीन-चतुर्थांश भाग थर चढवणाऱ्या यंत्राने दिलेला असतो.

याचा परिणाम पुल-इन व्होल्टेजमध्ये, म्हणजे ज्या व्होल्टेजला पूल खाली ओढला जातो त्यात, लगेच दिसतो. स्प्रिंग स्थिरांकाला ८ ने आणि फटीच्या घनाने गुणावे, २७, निर्वाताची परमिटिव्हिटी आणि इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागावे आणि वर्गमूळ काढावे. ताण शून्य असता तर २२ व्होल्ट पुरले असते. २० मेगापास्कलला ४६ लागतात आणि ४० मेगापास्कलला ६१. पुलाची रुंदी मात्र या हिशेबातून निघून जाते, कारण ती स्प्रिंग स्थिरांकातही येते आणि क्षेत्रफळातही. म्हणून कपॅसिटन्स जुळवायचा असेल तेव्हा रुंदी निर्धास्त बदला. लांबी आणि फट यांना हात लावण्याआधी दोनदा विचार करा.

पूल फटीच्या एक-तृतीयांश खाली आला की तोल सुटतो आणि तो एकदम कोसळतो. अधल्यामधल्या स्थितीत त्याला धरून सलग फेज घेण्याचा मोह होतो, पण तिथे व्होल्टेजमधल्या आणि ताणातल्या बारीक फरकाने फेज हलते. बिटांची रचना त्यापेक्षा निर्धोक.

फटीची चूक किती महागात पडते तेही पाहून ठेवा. पूल सुटताना २०० नॅनोमीटर खाली लवला, म्हणजे फट ३ ऐवजी २.८ मायक्रोमीटर झाली, तर पुल-इन व्होल्टेज ४६ वरून ४१ वर येते आणि १८० अंशांच्या बिटात पाच ते सहा अंश कमी पडतात. तीन बिटांच्या पायरीपुढे ही चूक सोसण्याजोगी आहे. पाच बिटांचा आग्रह धरणाऱ्याने मात्र आधी आपल्या प्रयोगशाळेला फट शंभर नॅनोमीटरच्या आत राखता येते का, हे तपासावे.

वेगाचा अंदाज सोपा आहे. या पुलाची स्वाभाविक वारंवारता ५० किलोहर्ट्झच्या आसपास येते. पुल-इनच्या १.४ पट व्होल्टेज दिले तर पूल ८ ते ९ मायक्रोसेकंदांत खाली पोचतो. पुलाखालची हवा वाटेत येऊ नये आणि पुढे पूल मोकळा करणारे द्रावण आत शिरावे म्हणून पुलाला ८ ते १० मायक्रोमीटर व्यासाची भोके ओळीने ठेवतात. भोकाचा व्यास फटीच्या तीन-चार पटींच्या आत असला तर कडांचे क्षेत्र ती जागा भरून काढते आणि वरचा कपॅसिटन्स फारसा घटत नाही.

तापमानाची परीक्षा

इथपर्यंतचे गणित खोलीच्या तापमानाचे होते. सोने दर अंशाला १४ भाग प्रति दशलक्ष एवढे पसरते आणि फ्यूज्ड क्वार्ट्झ अर्धा भाग. टोके जखडलेल्या पुलात त्यामुळे दर अंश सेल्सियसला सुमारे १.१ मेगापास्कल ताण बदलतो. २० मेगापास्कलच्या द्विदिश (थराच्या प्रतलात दोन्ही दिशांना असलेल्या) ताणातला पुलाच्या लांबीत प्रत्यक्ष उरणारा भाग सुमारे ११ मेगापास्कल असतो, म्हणजे आदर्श जखडलेल्या पुलाचा सगळा ताण दहा अंशांच्या वाढीने संपतो, आणि त्यापुढे आणखी तीन अंशांत पूल वाकून फुगतो. उलट तापमान दहा अंशांनी उतरले तर पुल-इन व्होल्टेज ४६ वरून ६१ च्या घरात जाते. प्रत्यक्षातले आधार थोडे लवतात आणि परिणाम काहीसा सौम्य होतो, तरी उघड्यावर लावायच्या अँटेनामध्ये असा सरळ पूल टिकणार नाही हे स्पष्ट आहे. सब्सट्रेट सिलिकॉनचे घेतले तरी फरक थोडाच पडतो, कारण तेही सोन्याच्या मानाने फार कमी पसरते.

म्हणून सरळ पूल हा गणित समजून घेण्यापुरता आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापापुरता ठेवावा. कामाच्या फेज शिफ्टरला पुलाचे मधले पान रुंद आणि ताठ ठेवून त्याला दोन्ही बाजूंनी नागमोडी, दुमडलेल्या पट्ट्यांनी टांगावे. नागमोड प्रसरण स्वतःत जिरवते, ताणाचा वाटा घटतो आणि ताठरपणा खरोखरच भूमितीतून येऊ लागतो. मात्र व्होल्टेज कमी व्हावे म्हणून नागमोडी वाढवत नेऊ नयेत. पूल परत वर येतो तो फक्त स्प्रिंगच्या जोरावर. ३० न्यूटन प्रति मीटरच्या पुलाला २.८ मायक्रोमीटर खाली असताना सुमारे ८४ मायक्रोन्यूटनचा जोर मिळतो. स्थिरांक १० च्या खाली गेला की थोडा ओलावा किंवा थोडा अडकलेला भारही पुलाला खालीच चिकटवून ठेवायला पुरतो. दहा व्होल्टवर चालणारा पूल कागदावर आकर्षक दिसतो. मी तीस ते चाळीस व्होल्टचा घेईन. नागमोडीमुळे मार्गातला रोध आणि इंडक्टन्सही वाढतो, म्हणून विद्युतचुंबकीय सिम्युलेशन या आकारावर करावे.

बायस आणि हानी

स्थिर कपॅसिटरमुळे पूल थेट प्रवाहापुरता जमिनीपासून अलग होतो आणि त्याला व्होल्टेज देता येते. मधली पट्टी बायस टीमधून (संकेत आणि थेट व्होल्टेज वेगळे ठेवणाऱ्या जोडणीतून) शून्यावर धरावी. एका बिटाचे सगळे पूल एकाच बायस तारेवर जोडले की स्तंभामागे तीन आणि आठ स्तंभांना चोवीस तारा पुरतात. ही तार धातूची असून चालत नाही, कारण मायक्रोवेव्ह संकेत तिच्यातून गळतो. सिलिकॉन-क्रोमसारख्या उच्च रोधाच्या थराची पातळ पट्टी करावी. रोध १०० किलोओहम आणि पुलाचा कपॅसिटन्स काही पिकोफॅरड धरला तरी भारित होण्याचा काळ मायक्रोसेकंदाच्या आतच राहतो आणि पुलाच्या वेगाला बाधा येत नाही.

हानीचा मोठा वाटा लाइनच्या सोन्यात जातो. ३० गिगाहर्ट्झला सोन्यात स्किन डेप्थ (प्रवाह पृष्ठभागापासून साधारण जेवढ्या खोलीत वाहतो ती) ०.४५ मायक्रोमीटरच्या आसपास असते, म्हणून लाइनचे सोने २ ते ३ मायक्रोमीटर जाड असावे. पुलाच्या खाली मात्र ते अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास पातळ ठेवावे, नाहीतर पूल सपाट बसत नाही. पुलाचा रोध ०.२ ओहम धरला तर खालच्या अवस्थेत एका पुलामागे सुमारे ०.०१ डेसिबल, म्हणजे एकवीस पुलांना ०.२ डेसिबल जातात. इम्पीडन्स उतरला की त्याच लाइनमध्ये प्रवाह वाढतो, त्यामुळे सगळे पूल खाली असताना हानी नेहमीच जास्त दिसते. अ‍ॅरेच्या हिशेबात हा फरक धरावा लागतो.

घडण

क्रम साधारण असा असतो. प्रथम बायसच्या रोधक पट्ट्या, मग टायटॅनियमच्या पातळ थरावर सोन्याचा पहिला थर, त्यावर ०.२ मायक्रोमीटर सिलिकॉन नायट्राइड, मग ३ मायक्रोमीटर जाडीचा त्यागथर (शेवटी काढून टाकायचा तात्पुरता थर), त्यात आधारांच्या जागी खिडक्या, वर पुलाचे सोने, पुलाबाहेरच्या लाइनवर विद्युतलेपनाने जाडी, आणि शेवटी त्यागथर विरघळवणे. त्यागथराची जाडी म्हणजेच पुढची फट, हे लक्षात ठेवून ती वेफरच्या पाच ठिकाणी तरी मोजावी. खिडक्यांच्या कडा उष्णतेने गोलसर करून घेतल्या तर आधारापाशी सोने पातळ पडत नाही. थर चढवताना वेफर तापू न देणे हा ताण आटोक्यात ठेवण्याचा सरळ मार्ग आहे. प्रत्येक वेफरवर वेगवेगळ्या लांबीच्या चाचणी-पुलांची एक ओळ ठेवावी. त्यांची पुल-इन व्होल्टेज मोजली की वाकण्याचा आणि ताणाचा वाटा वेगळा काढता येतो.

शेवटची पायरी सर्वांत घातक. द्रावण सुकताना पृष्ठताणाने पूल खाली ओढला जातो आणि चिकटतो. म्हणून द्रावणाची जागा आधी अल्कोहोलने आणि मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने घेतात, आणि तो ३१ अंश सेल्सियस व ७४ बार या क्रांतिक बिंदूपलीकडे नेऊन द्रव-वायूची सीमा न ओलांडताच सोडून देतात. सुटलेला वेफर उघड्या हवेत ठेवू नये. कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवावा आणि लवकरात लवकर सीलबंद करावा.

व्होल्टेज देण्याची रीत

पूल टेकल्यावर ४६ व्होल्ट ०.२ मायक्रोमीटर नायट्राइडवर पडतात. हे क्षेत्र सेंटीमीटरला २३ लाख व्होल्ट होते आणि त्यात नायट्राइडमध्ये विद्युतभार अडकत जातो. काही काळाने पुल-इन व्होल्टेज सरकते, मग व्होल्टेज काढले तरी पूल वर येत नाही. कपॅसिटन्स बदलणाऱ्या अशा मेम्स स्विचचे आयुष्य बहुतेक वेळा याच कारणाने संपते, धातू थकल्याने क्वचितच. गोल्डस्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की चालवण्याचे व्होल्टेज दर ५ ते ७ व्होल्टने उतरवले तर आयुष्य सुमारे दसपट वाढते.

म्हणून पूर्ण व्होल्टेज फक्त पूल ओढण्यापुरते, वीस-तीस मायक्रोसेकंद द्यावे आणि मग १० ते १५ व्होल्टवर उतरावे. टेकलेल्या पुलाला धरून ठेवायला ते पुष्कळ होते. दर वेळी ध्रुवता उलटी करावी, म्हणजे एकाच चिन्हाचा भार साचत नाही. याशिवाय नायट्राइड सलग न ठेवता पुलाला जागोजागी बारीक उंचवट्यांवर टेकवण्याची रचना करता येते. मालिकेत स्थिर कपॅसिटर असल्यामुळे खालच्या कपॅसिटन्समधली घट आपल्याला जाणवतही नाही.

मोजणी आणि अ‍ॅरेत बसवणे

मोजमाप सुरू करण्यापूर्वी ऑप्टिकल प्रोफाइलरने पुलांची उंची पाहावी. कोणता पूल लवला आहे आणि कोणता फुगला आहे ते एस-पॅरामीटरच्या आलेखावरून कधीच नीट कळत नाही. नंतर त्याच वेफरवर काढलेल्या प्रमाण लाइनींनी नेटवर्क अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट करावा. व्होल्टेज हळूहळू वर-खाली नेऊन प्रत्येक बिटाचे ओढण्याचे आणि सुटण्याचे व्होल्टेज नोंदवावे, आणि मग आठही अवस्थांची फेज, हानी व परावर्तन मोजावे. फेजचा आलेख वारंवारतेशी सरळ रेषेत चढला पाहिजे. एखाद्या बिटाची फेज नेमकी १५ किंवा ३० अंशांनी कमी भरली, तर एखाद-दुसरा पूल हलत नाही असे समजावे; सगळ्या बिटांत तीन-चार टक्क्यांची सारखीच घट दिसली तर दोष फटीचा.

फेज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ही लाइन खरे तर वेळेचा विलंब देते आणि वारंवारता बदलली तरी झोत जागेवर राहायला हवा. ३६० अंशांनंतर फेज पुन्हा शून्यापासून मोजली नाही तोपर्यंतच हे खरे असते. वरच्या उदाहरणात सातव्या स्तंभापासून एक पूर्ण फेरा वजा केला आहे, त्यामुळे कोन वाढत जातो तसा रुंद पट्ट्यात झोत घसरतो. निव्वळ स्थिर फेज देणारा अ‍ॅरे ४५ अंशांवर असताना वारंवारता ५ टक्क्यांनी वाढली तर झोत ४२.३ अंशांवर येतो. भारित लाइनची घसरण याहून कमी, पण शून्य नाही.

आठ स्तंभांत मिळून १६८ पूल होतात. शंभरातले नव्व्याण्णव पूल चालत असले तरी १६८ च्या १६८ चालण्याची शक्यता अठरा टक्क्यांच्या आसपासच भरते. परिपूर्ण अ‍ॅरेची वाट पाहत बसू नये. प्रत्येक स्तंभाच्या आठ अवस्थांची मोजलेली फेज आणि हानी नियंत्रकाच्या तक्त्यात भरावी, आणि झोताचा कोन ठरल्यावर ४५ च्या आदर्श पटींऐवजी या तक्त्यातली सर्वांत जवळची अवस्था निवडावी. मेलेल्या एका पुलाचे १५ अंश या निवडीत बऱ्याच अंशी भरून निघतात. तक्ता किमान तीन तापमानांना घ्यावा आणि पॅकेजमध्ये तापमापक ठेवून नियंत्रकाने त्यानुसार ओढण्याचे व्होल्टेजही बदलावे, कारण थंडीत जे व्होल्टेज अपुरे पडते तेच उन्हात नायट्राइडला गरजेपेक्षा जास्त होते.